ब्रिटनमधले सरकारी टेंडर भारतातून कसे भरावे

जीईएम किंवा महाटेंडर्स या आपल्याकडच्या सरकारी खरेदीच्या पोर्टलांवर वावरलेल्या माणसाला ब्रिटनची पद्धत सुरुवातीला सोपी वाटते. ईएमडी (टेंडरसोबत भरायची अनामत) सहसा नसते, डिजिटल सहीच्या टोकनची भानगड नसते, कागदपत्रे फुकट उघडतात. अडचणी पुढे सुरू होतात. एल-वन (सर्वात कमी दराचे) आलात म्हणून काम मिळेलच असे नाही, आणि परदेशी कंपनीचे टेंडर विचारात घ्यायचे की नाही हे काही वेळा खरेदीदाराच्याच हातात असते. म्हणून शोधाशोध नंतर. आधी आपला हक्क तपासायचा.

आधी हक्क

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये २४ फेब्रुवारी २०२५ पासून प्रोक्युअरमेंट ॲक्ट २०२३ लागू आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. ज्या देशाशी ब्रिटनचा सरकारी खरेदीबाबत करार आहे, तिथला पुरवठादार या कायद्याच्या भाषेत 'ट्रीटी स्टेट सप्लायर' ठरतो आणि त्याच्याशी भेदभाव करता येत नाही. जो पुरवठादार ब्रिटिश नाही आणि या गटातही नाही, त्याचे टेंडर कलम १९ खाली बाजूला ठेवता येते. एखाद्या ब्रिटिश कंपनीने अशा पुरवठादाराला उपकंत्राट द्यायचे ठरवले असेल, तर तिचे टेंडरसुद्धा. शिवाय निर्णय चुकीचा वाटला तरी या कायद्याखाली दावा करण्याचा हक्क फक्त ब्रिटिश आणि करारातल्या देशांच्या पुरवठादारांना आहे.

भारत हा जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात सदस्य नाही, फक्त निरीक्षक आहे. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या आणि त्यात सरकारी खरेदीचे प्रकरण आहे. पण सही होणे वेगळे आणि करार लागू होणे वेगळे. टेंडर भरायला घेण्याआधी कायद्याच्या शेड्यूल ९ मध्ये भारताचा करार आहे का ते पाहा. असला, तरी कोणत्या संस्था, कोणत्या वस्तू-सेवा आणि किती रकमेच्या वरची कामे त्यात येतात ते करारातल्या परिशिष्टातून तपासा. तिथे बसत नसाल तर खरेदीदाराला लेखी विचारा: 'आमचे टेंडर विचारात घेणार का?' असा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. महिनाभर लिहून नंतर कळण्यापेक्षा बरे.

कायद्याचे पूर्ण नियम ज्या रकमेपासून लागू होतात, ती सीमाही लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून केंद्रीय खात्यांच्या वस्तू-सेवांसाठी ती १,३५,०१८ पौंड आहे, नगरपालिकांसारख्या इतर संस्थांसाठी २,०७,७२० पौंड आणि बांधकामासाठी ५१,९३,००० पौंड, सगळे व्हॅट धरून. या सीमेखालची कामे केंद्रीय खाती ब्रिटिश पुरवठादारांसाठी राखून ठेवू शकतात. छोट्या कामापासून सुरुवात करू, हा आपल्याकडचा शहाणपणा इथे उलटा पडतो.

कुठे शोधायचे

मुख्य ठिकाण 'फाइंड अ टेंडर'. स्कॉटलंडसाठी 'पब्लिक कॉन्ट्रॅक्ट्स स्कॉटलंड', वेल्ससाठी 'सेल टू वेल्स', उत्तर आयर्लंडसाठी 'ई-टेंडर्स एनआय'. पैसे घेऊन ईमेल पाठवणारे दलाल याच सार्वजनिक सूचना पुढे ढकलतात. सुरुवातीला त्यांची गरज नाही.

शोध शब्दांनी करू नका, सीपीव्ही कोडने (खरेदीच्या वस्तू-सेवांच्या वर्गीकरणाचे आकडे) करा. आठ आकडी कोड असतात: आयटी सेवांचा गट ७२००००००, औषधांचा ३३६०००००, कपड्यांचा १८००००००. खरेदीदार कधी अगदी बारीक कोड टाकतो, कधी वरचा मोठा गट; म्हणून दोन्ही पातळ्यांवर सूचना लावून ठेवा.

प्रत्येक सूचनेला क्रमांक असतो. यूके१ म्हणजे येत्या कामांची यादी. वर्षाला १० कोटी पौंडांहून जास्त खर्च करणाऱ्या संस्थांनी २० लाख पौंडांवरची कामे त्यात दाखवायची असतात. यूके२ म्हणजे बाजाराशी आधीची चर्चा, यूके३ नियोजित खरेदी, यूके४ प्रत्यक्ष टेंडर, यूके६ काम कोणाला देणार, यूके७ झालेल्या कराराचा तपशील.

बहुतेक नवखे यूके४ ची वाट बघत बसतात आणि तिथेच उशीर होतो. ऑनलाइन टेंडर असेल आणि कागदपत्रे सोबतच दिली असतील तर किमान मुदत २५ दिवसांची. पण खरेदीदाराने पात्र ठरेल अशी यूके३ सूचना किमान ४० दिवस आणि जास्तीत जास्त १२ महिने आधी काढलेली असेल, तर हीच मुदत १० दिवसांवर आणता येते. दहा दिवसांत भारतातून धड टेंडर तयार होत नाही. यूके२ आणि यूके३ वर लक्ष ठेवा, यूके२ च्या चर्चेत भाग घ्या आणि अटी अजून मऊ आहेत तोवर आपले म्हणणे मांडा.

यूके७ वाचणेही तितकेच कामाचे. सध्याचा ठेकेदार कोण, रक्कम किती, करार कधी संपतो हे त्यात मिळते. ५० लाख पौंडांवरच्या करारांची प्रतही, गोपनीय भाग झाकून, प्रसिद्ध करावी लागते. तुमच्या क्षेत्रातले असे करार वाचलेत की दराचा आणि कामगिरीच्या निकषांचा अंदाज येतो. ज्या कंपन्यांची नावे तिथे पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांच्याकडे उपकंत्राटदार म्हणून जाणे ही भारतीय कंपनीसाठी बऱ्याचदा सर्वात व्यवहार्य वाट असते. कलम १९ ची अट मात्र तिथेही आधी विचारून घ्यायची.

फ्रेमवर्कचाही विचार करा. आधी निवडलेल्या पुरवठादारांची यादी म्हणजे फ्रेमवर्क. यादीत नसाल तर त्याखाली निघणारी कामे तुम्हाला मिळत नाहीत. साधे फ्रेमवर्क सहसा ४ वर्षांपर्यंत बंद असते. 'डायनॅमिक मार्केट' मात्र कायम उघडे असते, अटी पूर्ण केल्या की कधीही आत जाता येते.

भरायचे की सोडायचे

कागदपत्रे उतरवल्यावर पहिल्या दिवशी चारच गोष्टी वाचा: पात्रतेच्या अटी, गुणांची विभागणी, कराराचा मसुदा आणि सुरक्षेच्या अटी. बाकीचे नंतर.

आयटी कंपन्या सुरक्षेच्या अटींवर अडकतात. 'एससी' पातळीची क्लिअरन्स (सरकारी सुरक्षा तपासणी) मागितली असेल तर माणूस साधारण ५ वर्षे ब्रिटनमध्ये राहिलेला लागतो. पुण्यातल्या टीमला ती मिळत नाही. नागरिकांची माहिती भारतात हाताळायची असेल तर यूके जीडीपीआर या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याखाली डेटा हस्तांतराचा वेगळा करार लागतो, आणि काही खरेदीदार माहिती देशाबाहेर नेऊच देत नाहीत. 'सायबर इसेन्शियल्स' हे संगणक सुरक्षेचे प्रमाणपत्र मागणारी टेंडरे पुष्कळ असतात. ते मिळवायला वेळ लागतो, म्हणून आधीच घ्या.

वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्यांना ब्रिटनमध्ये 'यूके रिस्पॉन्सिबल पर्सन' (तिथला जबाबदार प्रतिनिधी) नेमावा लागतो आणि उपकरणांची एमएचआरए या नियामकाकडे नोंदणी लागते. चालू सेवा हातात घ्यायची असेल, उदाहरणार्थ कॉल सेंटर, तर 'टूपी' नियम बघा: जुन्या ठेकेदाराचे कर्मचारी त्यांच्या पगार-अटींसह तुमच्याकडे येऊ शकतात. तसे झाले तर भारतातल्या मजुरीवर बांधलेला दर कोसळतो.

दोन गोष्टींना मात्र घाबरू नका. कामाचा विमा करार मिळण्याआधीच काढलेला असावा अशी सक्ती करता येत नाही. मिळाल्यास काढू असे लिहून देणे पुरते. आणि विशिष्ट पात्रतेची अट असेल तर तिच्या समतुल्य पात्रताही मान्य करावी लागते, फक्त ती समतुल्य कशी हे तुम्ही दाखवायचे.

नोंदणी

१. कंपनीच्या ईमेलवरून जीओव्ही-यूकेचे 'वन लॉगिन' खाते उघडा. कर्मचाऱ्याचा वैयक्तिक ईमेल वापरू नका. पहिला नोंदणी करणारा ॲडमिन होतो आणि तो नोकरी सोडून गेला की खाते अडकते.
२. फाइंड अ टेंडरवर संस्था पुरवठादार म्हणून नोंदवा. नाव इन्कॉर्पोरेशन प्रमाणपत्रावर आहे तसेच, 'प्रा. लि.'सह.
३. मूळ माहिती, ताळेबंद, अपवर्जनाची (टेंडरमधून वगळले जाण्याची) कारणे आणि 'कनेक्टेड पर्सन्स' भरा. यात संचालक आणि कंपनीवर ताबा असणारे सगळे येतात. कौटुंबिक कंपनीत काकांच्या नावावरचे शेअर विसरू नका.
४. 'शेअर कोड' काढा. हा कोड त्या दिवशीच्या माहितीची गोठवलेली प्रत असतो. नंतर संचालक बदलला, तर माहिती सुधारून नवा कोड काढावा लागतो.

एवढे करून टेंडर भरले गेले असे समजू नका. उत्तरे बहुतेक वेळा खरेदीदाराच्या वेगळ्या पोर्टलवर जातात: जॅगेअर, अटामिस, इन-टेंड, प्रोअॅक्टिस. तिथे वेगळी नोंदणी करायची आणि शेअर कोड द्यायचा.

गुण आणि दर

समजा दर्जाला ६० आणि दराला ४० गुण आहेत. दराचे गुण बऱ्याचदा असे काढतात: सर्वात कमी दर भागिले तुमचा दर, गुणिले ४०. एकाचा दर २,००,००० पौंड, दुसऱ्याचा २,३०,०००. पहिल्याला ४०, दुसऱ्याला ३४.७८. म्हणजे १५ टक्के महाग असून दुसरा फक्त ५.२२ गुणांनी मागे आहे. दर्जाचा एक प्रश्न २० गुणांचा असेल आणि उत्तर ० ते ५ श्रेणीत तपासले जात असेल, तर एक श्रेणी ४ गुणांची. त्या एका प्रश्नात तो दोन श्रेणी पुढे गेला की ८ गुण मिळवून पहिल्याचा स्वस्तपणा पुसून टाकतो. सूत्र टेंडरमध्ये दिलेले असते. हे गणित दर ठरवण्याआधी करा. अति कमी दर दिला तर खुलासा मागतात, आणि तो पटला नाही तर टेंडर बाद होऊ शकते.

दरात पौंड-रुपयाचा चढउतार, व्हिसा, प्रवास, विमा धरा. वस्तू डीडीपी (आयात शुल्क भरून थेट दारात) पोहोचवायच्या असतील तर आयात तुमच्या नावावर होते. तिथला ईओआरआय (आयात-निर्यात नोंदणीचा) क्रमांक आणि कस्टम एजंट लागतो. अनेक वर्षांच्या करारात भाववाढीचे कलम नसेल तर भाववाढ गृहीत धरून दर लावा.

उत्तरे लिहिताना

प्रश्नाचे जेवढे तुकडे आहेत तेवढी उपशीर्षके करा. ५०० शब्दांची मर्यादा असेल तर ५०१ वा शब्द वाचला जात नाही. 'उत्तर ३ पाहा' असे लिहू नका. उत्तर ३ वेगळा माणूस तपासत असू शकतो. वेबसाइटचे दुवे आणि माहितीपत्रके सहसा धरत नाहीत. 'आम्ही जागतिक दर्जाची सेवा देतो' याला शून्य किंमत. कोण, किती दिवसांत, कोणत्या पद्धतीने, आणि चुकले तर काय, हे लिहा. सामाजिक मूल्याच्या प्रश्नात भारतातल्या सीएसआरची (कंपनीच्या समाजकार्याची) यादी चिकटवली जाते आणि गुण जातात. विचारलेले असते ते या कराराच्या कामातून तिथे काय घडेल ते.

शंका पोर्टलवरच, मुदतीत विचारा. उत्तर तुमचे नाव काढून सगळ्यांना मिळते, तेव्हा प्रश्नातून आपली युक्ती उघड करू नका.

शेवटची वेळ लंडनची असते. दुपारी १२ म्हणजे उन्हाळ्यात आपले ४.३०, हिवाळ्यात ५.३०. घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यातल्या टेंडरला नीट हिशेब करा. अपलोड आदल्या दिवशी संपवा आणि 'सबमिट' झाल्याची पावती जपून ठेवा. नुसते फाइल चढवणे म्हणजे सबमिट नव्हे.

निकालानंतर

खरेदीदार प्रत्येक वैध टेंडरला मूल्यमापनाचा सारांश देतो: तुमचे गुण, कारणे, आणि विजेत्याचे गुणही. त्यानंतर यूके६ निघते आणि पुढचे ८ कामाचे दिवस करार थांबतो. हरलात तर हा सारांश पुढच्या टेंडरसाठी सर्वात कामाचा कागद.

जिंकलात तर भारताकडची तयारी करा: जीएसटी न भरता निर्यात करायला त्या आर्थिक वर्षाचे एलयूटी (हमीपत्र), वस्तूंसाठी आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) आणि कस्टमकडे नोंदवायचा बँकेचा एडी कोड, सॉफ्टवेअरसाठी सॉफ्टेक्स (निर्यातीचे घोषणापत्र). सरकारी संस्थेने वैध बिल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण परचेस ऑर्डरचा क्रमांक नसलेले बिल परत येते. काम सुरू करण्याआधी तो क्रमांक मागून घ्या.