प्रत्यारोपणानंतर पेशंट विसरायला लागला तर

बीएमटी (अस्थिमज्जा प्रत्यारोपण) वॉर्डात मी रोज सकाळी एकच चौकशी करते: "काका, काल रात्री काय जेवलात?" चेष्टा नाही ही. दात्याच्या मूळपेशी दिल्यावर साधारण २ ते ६ आठवड्यांत एचएचव्ही-६ हा विषाणू मेंदूत डोकं वर काढू शकतो, आणि आधी जाते ती ताजी आठवण. एका काकांनी ठासून पिठलं सांगितलं. जेवले होते खिचडी. रक्तातलं सोडियमही घसरलेलं, तीही याचीच खूण. तडक डॉक्टरांना फोन केला.

"थकवा असेल" म्हणून थांबू नका. एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची (मणक्यातल्या द्रवाची) पीसीआर, म्हणजे विषाणूचा अंश शोधणारी तपासणी लागतेच. पण संशय दाट असला तर डॉक्टर रिपोर्टआधीच फॉस्कारनेट किंवा गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून सुरू करतात, किमान ३ आठवडे. असायक्लोव्हिर इथे पुरत नाही. गॅन्सिक्लोव्हिरने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून नवी मज्जा रुजत असताना बहुधा फॉस्कारनेट. ते मात्र मूत्रपिंडाला जड जातं: आधी सलाईन, मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं), कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम वरचेवर तपासायचं. ओठांभोवती मुंग्या आल्या की लगेच सांगा, कॅल्शियम घसरल्याची ती खूण असते. आणि हे औषध लघवीतून बाहेर पडतं, म्हणून लाजू नका, दर लघवीनंतर ती जागा पाण्याने धुवा. नाहीतर तिथे जखमा होतात.