सायकल डगमगतेय? आधी पाना खाली ठेवा

रविवारी येऊरच्या डोंगराची फेरी मारून आलो की ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमधल्या खांबापाशी मी पान्यांची पेटी उघडून बसतो. दुकान नाही, धंदा नाही, नुसती हौस. येणाऱ्यांत निम्मे तरी एकच तक्रार घेऊन येतात: "काका, सायकल हलते." कधी हलते? उतारावर, की सपाटीवर? ब्रेक दाबल्यावर, की हात सैल सोडल्यावर? विचारलं की उत्तर येतं, "अशीच हलते हो. पण मी हँडल टाइट केलंय."

इथे माझं डोकं फिरतं.

हा रोग मला स्वतःला होऊन गेलाय, म्हणून हक्काने बोलतो. माझी आधीची सायकल येऊरच्या उतारावर एका ठरावीक वेगाला आली की अंग झटकल्यासारखं करायची. ते मला हातात जाणवायचं. हातात जाणवतंय म्हणजे दोष हँडलमध्ये, एवढा साधा हिशेब करून मी हँडलखालची बेअरिंगं आवळली. पाव फेरा. पुढच्या रविवारी आणखी पाव. तिसऱ्या आठवड्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे, उजवीकडे बस आणि डावीकडे उभा टेम्पो अशा चिंचोळ्या जागेत सायकल सरळ जाईचना. डावीकडे ओढतेय म्हणून सावरली तर भलतीच उजवीकडे, तिथून आवरली तर पुन्हा डावीकडे. दारू न पिता दारुड्याची चाल. बसवाल्याने हॉर्न आणि शिवी दोन्ही दिलं, आणि दोन्ही रास्त होतं.

कारण सोपं आहे. सायकल रेघेसारखी सरळ कधीच जात नसते. ती जराशी डावीकडे कलली की पुढचं चाक आपणहून जरासं डावीकडे वळतं आणि कलणारी सायकल खालून सावरून घेतं. मग उजवीकडे तसंच. हे इतकं बारीक आणि सतत चालू असतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. बेअरिंग आवळून ठेवलं की चाकाचं हे स्वतःहून वळणं बंद पडतं, सगळं सावरणं आपल्या हातांवर येतं, आणि हात नेहमी उशीरा पोचतात.

म्हणून आवळायच्या आधी तपासा. पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि सायकल एका बाजूला कलवा. हँडल स्वतःच्या वजनाने त्या बाजूला पडलं पाहिजे. केबल ताठ असतील तर शेवटी थोडं अडेल, ते सोडून द्या. अडकत अडकत पडत असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा आत गंज आहे. आणि बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखं खटकन थांबत असेल, तर कटोरीत छऱ्यांचे खळगे पडलेत. तिथे पाना काही करत नाही, बेअरिंग बदलायचं. आपल्याकडच्या पावसात पुढच्या चाकाचं पाणी थेट खालच्या बेअरिंगवर उडतं. सायकल 'स्पोर्टी' दिसावी म्हणून मडगार्ड काढून टाकणाऱ्यांची बेअरिंगं मी दर दिवाळीच्या आसपास बघतो. ग्रीसच्या जागी चॉकलेटी चिखल असतो.

ढिलं आहे का, ते बघायची रीत बहुतेकांना अर्धीच माहीत असते: पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवायची. त्यात ब्रेकचे पॅड हलतात, शॉकरवाल्या फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे) पायही हलतात, आणि माणूस म्हणतो हँडल ढिलं. हँडल पूर्ण आडवं वळवा, ब्रेक दाबा, आणि फोर्क जिथे फ्रेमच्या नळीत शिरतो त्या फटीवर दोन बोटं ठेवून मग सायकल ढकला. बोटांखाली टकटक लागली तर बेअरिंग खरंच ढिलं.

मग दुरुस्ती. हल्लीच्या बऱ्याच सायकलींत स्टेमच्या (हँडलला फोर्कशी जोडणाऱ्या तुकड्याच्या) डोक्यावरचा उभा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगवर दाब देतो. हँडल धरतात ते स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट. बाजूचे बोल्ट घट्ट असताना वरचा पिळत बसलात तर बेअरिंगला ते कळतसुद्धा नाही, आतले आटे मात्र जातात. आधी बाजूचे सैल, मग वरचा थोडा थोडा, दर वेळी बोटं लावून बघत. टकटक थांबली की तिथेच हात आवरा. चाक आणि हँडल एका रेषेत आहे ना ते बघा, आणि बाजूचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा. किती, ते बऱ्याच स्टेमवर छापलेलं असतं, साधारण 5 न्यूटन मीटर. टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा, पाना घेण्याआधी मी दोन स्टेम या पायी भंगारात टाकलेत.

तर मानपाड्याहून घरी आलो, बेअरिंग जागेवर आणलं, आणि उतारावरचं झटकणं होतं तसंच. पुढच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला. टायर बदलला. एका दुकानात दाखवली, तिथल्या मुलाने एक चक्कर मारून "काही नाही हो, हँडल टाइट केलंय" म्हणून पन्नास रुपये घेतले. असे तीन महिने गेले.

उलगडा झाला तो उपवन तलावापाशी, मागचं चाक पंक्चर झालं तेव्हा. क्विक रिलीजची (पान्याशिवाय चाक सोडायची) खिटी सोडून चाक बाहेर काढलं, खिटीची दांडी ओढली, तर तिच्याबरोबर एक्सलचा (चाकाच्या आसाचा) तीन बोटं लांबीचा तुकडा हातात आला. एक्सल तुटलेला होता! तुटलेलं तोंड मी उन्हात धरून बघितलं. अर्ध्याहून जास्त भाग गंजून तांबूस झालेला, उरलेली चंद्रकोरीसारखी कड लखलखीत. म्हणजे तडा कधीचा होता, शेवटचा धागा अलीकडे तुटला. पोकळ एक्सलमधून जाणारी दांडी दोन्ही तुकडे आवळून धरत होती, त्यामुळे चाक निखळलं नाही आणि बाहेरून काही दिसलंही नाही. मागचं चाक फ्रेममध्ये स्वतःच्या मर्जीने वळत होतं आणि मी तीन महिने पुढचं दुरुस्त करत होतो.

फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) पिळून बसवलेल्या मागच्या चाकांत हे नवलाचं नाही. गिअरांच्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं, फ्रेमचा आधार बराच बाहेर, आणि मधल्या उघड्या एक्सलवर खड्ड्यांचा सगळा मार पडतो. तपासायला अर्धं मिनिट लागतं: सीटखाली रिम धरायची आणि चाक डावी-उजवीकडे हलवायचं. खटखट आली तर कोन (एक्सलवरचे बेअरिंग आवळणारे नट) ढिले, छर्रे झिजलेले, किंवा एक्सल गेलेला. मी ते कधी करून बघितलंच नव्हतं, कारण हलत होतं ते हातात. आता कुणीही पुढची तक्रार घेऊन आला तरी मी आधी मागचं चाक धरतो. पोरं हसतात. हसू देत.

या मोठ्या दोन चुका. बाकीच्या पटकन सांगतो.

अंगठ्याने टायर दाबून "हवा आहे" म्हणू नका. किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, आणि मोजायला काटा असलेला पंप घ्या. मागच्या टायरात हवा कमी असली की वळणावर सायकल शेपूट हलवल्यासारखी करते. लोक तिलाही हँडलच आवळतात.

जांभळी नाक्यावरून भाजीच्या दोन पिशव्या हँडलला लटकवून आणायच्या आणि मग सायकल डोलते म्हणायचं, हे बंद करा. झोका हँडलला बांधल्यावर दुसरं काय होणार? कॅरियर लावा, आणि त्याचे बोल्ट महिन्यातून एकदा बघा. ढिलं कॅरियर भरलेल्या पिशवीइतकंच वाईट.

स्पोक दोन-दोन धरून दाबत चाकाभोवती फिरा. एखादी जोडी ढिली लागली तर चाक कारागिराकडे. स्पोकचा पाना यूट्यूब बघून पहिल्यांदाच चालवायचा असेल तर जुन्या चाकावर चालवा.

नवी मुंबईच्या पाम बीच रोडला खाडीवरून आडवा वारा सुटला की सगळ्यांच्याच सायकली हलतात, उंच कडेच्या रिम लावणाऱ्यांच्या जरा जास्त. आणि पेव्हर ब्लॉकच्या लांब फटीत बारीक टायर शिरला की तो ओढणारच. दोन्ही वेळा सायकलचा काही दोष नसतो, पाना काढू नका.

खोक्यातून आलेल्या सायकलीची गोष्ट मात्र एका ओळीत आटपत नाही. गेल्या वर्षी आमच्याच इमारतीतला एक कॉलेजचा मुलगा ऑनलाइन मागवलेली सायकल घेऊन आला. घरीच जोडलेली, वीस मिनिटांत, हे त्याने दोनदा सांगितलं.

"काका, हँडल जड वाटतं आणि वळताना एकदम पडतं. बूटही चाकाला लागतो."

"फोर्क कुठल्या बाजूने बसवलास?"

"म्हणजे? एकाच बाजूने बसतो ना?"

फोर्क उलटा होता. फोर्कच्या खालच्या टोकाला चाकाचा एक्सल थोडा पुढे असावा लागतो, याचा मागे गेला होता. त्यामुळे चाक पायाजवळ आलं आणि चाक जमिनीला टेकतं ती जागा हँडलच्या अक्षाच्या फारच मागे पडली. गंमत म्हणजे अशी सायकल अस्थिर होत नाही, हट्टी होते. डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास 'न चालवता येणारी सायकल' बनवण्याच्या नादात फोर्क असाच उलटा करून बघितला होता. रिकामी ढकलली तर ती भलतीच सरळ राहिली, वर बसून चालवायला मात्र अडनिडी. आमच्या पठ्ठ्याने तोच प्रयोग फुकटात केला होता. खोक्यात कागद होता, चित्रांसकट. तो त्याने उघडलाच नव्हता. बिघडलेल्या सायकली मला चालतात. वीस मिनिटांचा अभिमान घेऊन येणारे चालत नाहीत. (फोर्क सरळ करून दिला. चहा त्याने पाजला.)

उतारावर अचानक थरथर सुरू झाली तर हँडल जिवाच्या आकांताने पकडू नका, थरथर वाढते. फ्रेमची आडवी नळी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा, ढुंगण सीटवरून जरासं उचला, हात सैल ठेवा आणि मागच्या ब्रेकने हळूहळू वेग उतरवा. मग थांबून मागचं चाक बघा, पुढचं बघा, टायर बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच उतारावर, त्याच वेगाने पुन्हा बघा. चार बोल्ट एकदम फिरवून सायकल बरी झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार घेऊन तुम्ही माझ्या खांबापाशी उभे.

हे सगळं बघून झालं तरी हलतेय? मग सायकल धुवा, पुसा आणि उन्हात घ्या. फोर्कच्या मुळाशी आणि हँडलच्या नळीला फ्रेम जिथे जोडलीय तिथे नख फिरवा. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि नख तिथे अडकलं, तर दुकानात ती चालवत नेऊ नका. ढकलत न्या.