वादळासाठी जुना लष्करी ट्रक घेतलाय? मग या चुका टाळा

अमेरिकी लष्कराने लिलावात काढलेला, सहाही चाकांना इंजिनाची ओढ असलेला ट्रक समोर उभा राहिला की नजर आधी त्याच्या उंचीवर जाते. टायर कमरेच्या वर, हौदा डोक्याच्या पातळीला. अमेरिकेत चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरतात. तिथल्या कित्येक छोट्या अग्निशमन दलांकडे आणि हौशी मंडळींकडे असे ट्रक आहेत. अडीच टनी एम 35, पाच टनी एम 939 मालिकेतले, अलीकडचे एलएमटीव्ही (हे मात्र चार चाकांच्या ओढीचे). 2017 मध्ये हार्वे वादळात ह्यूस्टनच्या रस्त्यांवर पाणी भरलं, तेव्हा लोकांना बाहेर काढायला असेच उंच ट्रक लागले. पण उंचीवर विसंबून राहणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

वाहत्या पाण्यात ट्रक घालणं

एम 35 च्या माहितीपुस्तकात खोल पाण्यासाठीचं खास किट न लावता 30 इंच, म्हणजे साधारण 76 सेंटिमीटर पाण्यातून जाता येतं असं लिहिलेलं असतं. हा आकडा वाचून लोक निर्धास्त होतात. पाणी संथ असेल आणि तळ घट्ट असेल, तरच तो आकडा खरा. पाण्याला ओढ असली की ते ट्रकच्या अख्ख्या बाजूवर रेटा देतं, हवेने भरलेले मोठे टायर तरंगायला बघतात आणि रिकामा हौदा तर आणखीच हलका. खाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय, हे गढूळ पाण्यात वरून कळत नाही.

2 जून 2016 रोजी टेक्सासमधल्या फोर्ट हूड या लष्करी तळावर आउल क्रीक नावाच्या ओढ्याला पूर आला होता. तिथल्या पाण्याखाली जाणाऱ्या फरशीवर लष्कराचाच एक एलएमटीव्ही उलटला. ट्रकमध्ये 12 जण होते, त्यातले 9 गेले. ट्रक चालू सेवेतला होता, आत बसलेले लष्करातलेच होते. तरीही पाण्याने तो उलटवला. त्यामुळे नियम एकच ठेवा: पाणी वाहतंय असं दिसलं की ट्रक मागे घ्या, आत कोणीही अडकलेलं असो. तिथलं काम बोटीचं आहे.

साचलेल्या पाण्यातही चालण्याच्या वेगानेच जा. जोरात गेलात तर पुढे उठणारी लाट दोन्ही बाजूंच्या घरांत शिरते. ज्यांच्या मदतीला आलो त्यांच्याच दारात आणखी पाणी ढकलायचं, हे मला अजिबात पटत नाही.

पाण्यातून आल्यावर ट्रक तसाच उभा करणं

लांबून पळत आलेल्या ट्रकचे एक्सल आणि हब (चाकांचे मधले भाग) तापलेले असतात. ते गार पाण्यात बुडले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वरून काही दिसत नाही. महिनाभराने बेअरिंग ओरडायला लागतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून ट्रक रात्रभर हलवू नका. सकाळी डिफरन्शियलखालचा (एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याखालचा) ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं, त्यामुळे आत शिरलं असेल तर पहिली धार पाण्याचीच येते. ऑइल बोटावर घेऊन बघा. ते दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी घुसळून मिसळलंय. अशा वेळी सगळं ऑइल बदलायचं, वरून भर घालून भागवायचं नाही. एक्सलवरचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची तोंडं, चिखलाने बुजलेत का, तेही तेव्हाच बघा. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ब्रेक गृहीत धरणं

एम 35 ए 2 ला हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक ब्रेक आहेत आणि सगळ्या चाकांना ब्रेक ऑइलचं सर्किट एकच. एका चाकाचा सिलिंडर गळाला तरी सगळेच ब्रेक जातात. वर्षातून दहा महिने उभा राहणारा ट्रक असेल तर प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का, हे हाताने चाचपून बघाच. या ट्रकमध्ये बहुतेकदा डॉट 5, म्हणजे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल असतं. त्यात नेहमीचं डॉट 3 ओतू नका, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

एम 939 चे ब्रेक पूर्ण हवेवरचे. बरेच दिवस उभा राहिलेला हा ट्रक जागचा हलत नसेल तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका. हवा उतरली की मागचे ब्रेक स्प्रिंगने आपोआप लागतात. इंजिन चालू ठेवून हवा भरू द्या. दर वेळी काम झाल्यावर हवेच्या टाक्यांमधलं पाणी सोडा.

याच मालिकेच्या ट्रकना घसरून उलटण्याच्या अपघातांमुळे खुद्द लष्कराने ताशी 40 मैलांची मर्यादा घातली होती, पुढे एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बसवलं. तुमच्या ट्रकला ते बसवलंय का, हे घेतानाच विचारा.

एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढणं

या ट्रकची वीज 24 व्होल्टची, 12 च्या बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. वायरलेस किंवा चार्जर लावायला लोक एकाच बॅटरीवरून तार घेतात. मग एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर मरतात. 24 चं 12 करणारा कन्व्हर्टर लावा.

टायरचं वयही बघून ठेवा. बाजूवर डॉट (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी करकरीत असली तरी रबर आतून तडकलेलं असू शकतं. लॉक रिंगच्या (टायर सुट्या लोखंडी कड्याने धरलेल्या) चाकात ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय हवा भरू नका, रिंग उडाली तर माणूस जातो. हौद्यात चढायला शिडी ठेवा, म्हाताऱ्या माणसाला ती उंची झेपत नाही. पडलेल्या विजेच्या तारांवरून ट्रक नेऊ नका.

आणि चालकाला अंधारात एकदा बसवून दिव्यांचं बटण वापरायला लावा. लष्करी ट्रकला साधा खटका नसतो, तीन दांड्यांचा स्विच असतो. कुलपाची दांडी उचलून धरली तरच मुख्य दांडी हेडलाइटपर्यंत फिरते. हे माहीत नसलेला चालक भर पावसात, रात्री, चाचपडत बसतो.