'हाउस'मधले मूत्रपिंडविकार कसे पाहावेत?

२००४ ते २०१२ या काळात अमेरिकेत प्रसारित झालेल्या 'हाउस' या वैद्यकीय मालिकेचा डॉक्टर नायक संसर्गजन्य रोगांबरोबरच मूत्रपिंडविकारांचाही तज्ज्ञ आहे, हे ध्यानात ठेवून भाग पाहावा. मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे कोणी म्हणताच क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात ते टाकाऊ द्रव्य), पोटॅशियम आणि लघवीचे प्रमाण यांचा उल्लेख होतो का, ते टिपावे. पोटॅशियम फार वाढले, तर ईसीजीच्या पट्टीवर टी-लहरी (हृदयाच्या प्रत्येक ठोक्याच्या नोंदीतला शेवटचा उंचवटा) बहुधा उंच व टोकदार होतात. चित्र थांबवून त्या जरूर शोधाव्यात. डायलिसिसचे प्रसंग जपून पारखावेत, कारण नेहमीचे एक सत्र सुमारे ४ तास चालते आणि मालिकेला तेवढा धीर कुठला! शस्त्रक्रिया करणारा युरोलॉजिस्ट आणि औषधोपचार करणारा नेफ्रोलॉजिस्ट यांची गल्लत आढळली, तर तो दोष पटकथाकारांच्या माथी खुशाल मारावा.