गावच्या दाखल्याचं भाषांतर परदेशात चालवायचं तर

पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून कोकणात घरोघरी दाखले लॅमिनेट करून ठेवलेले असतात. परदेशी जायच्या वेळी तेच आडवं येतं: प्लास्टिकवर ना शिक्का उठतो, ना सही. सोलत बसू नका, कागद फाटतो. नवी प्रत काढा, आणि काढताच आहात तर ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक मागा. इंग्रजी चालणार असेल तर भाषांतराचा व्याप तिथेच मिटतो.

भाषांतर लागणारच असेल तर ते कुणी केलेलं चालतं, हे आधी कागद मागणाऱ्या कार्यालयालाच विचारा. ब्रिटनच्या व्हिसासाठी भाषांतर अचूक असल्याची भाषांतरकाराची लेखी हमी, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क एवढं पुरतं. जर्मनीत बहुधा शपथबद्ध भाषांतरकार लागतो. दुबईच्या कोर्टात अरबी भाषांतर तिथल्या परवानाधारकाचंच हवं. अशा ठिकाणी आधी मूळ कागदावर सगळे शिक्के घ्या, मग भाषांतर करा. म्हणजे शिक्क्यांचंही भाषांतर होतं. उलट केलंत तर पैसे दोनदा जातात.

इथलंच भाषांतर मागितलं असेल तर नोटरी गाठा. भाषांतर करून ते पडताळण्याचा अधिकार नोटरीला १९५२च्या कायद्याच्या कलम ८ने दिला आहे. पुढे राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारं साक्षांकनाचं प्रमाणपत्र. तिथे कागद नेमलेल्या एजन्सीमार्फतच जातात.

भारतात अपोस्टिल २००५पासून आहे. ओमान, बहारीन आणि २०२२पासून सौदीला ते चालतं. दुबई, कुवेत, कतारला नाही. तिथे मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. एजंट 'अपोस्टिल करून देतो' म्हणाला की आधी देश सांगा.

अपोस्टिल सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं, मजकुराचं नाही. त्यामुळे भाषांतरातली चूक इथे कुणी पकडत नाही, ती परदेशातल्या खिडकीवर उघडी पडते. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच ठेवा. जुन्या हस्तलिखित दाखल्यातले १ आणि ९ भिंगाखाली बघा. जन्मसालं तिथेच चुकतात. गोल शिक्का, समासातला शेरा हेही भाषांतरात यायला हवं. वाचता येत नसेल तर 'अस्पष्ट' असं लिहा.

भाषांतर मूळ प्रतीला पिनेने जोडलेलं असतं. झेरॉक्ससाठीसुद्धा ती पिन काढू नका. पानं सुटलेली दिसली की जोड संशयास्पद ठरतो.