मस्कोवी बदकं पाळताय? पिल्लं मरू नयेत म्हणून या चुका टाळा

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे बोड्या आहेत, तलाव आहेत, धानाच्या बांध्या आहेत, त्यामुळे तिकडच्या माणसाला बदक काही नवीन नाही. पण लाल चेहऱ्याचं जड मस्कोवी आणलं की तिकडचेही आणि आमच्या कोरडवाहू पट्ट्यातलेही सगळे एकच म्हणतात, "भाऊ, मोठे बदक मस्त राहतात पण पिल्लं टिकत नाहीत." पिल्लं टिकतात. फक्त त्यांना कोंबडीच्या हिशोबाने वाढवायचं नाही आणि साध्या बदकाच्याही हिशोबाने नाही, कारण मस्कोवी ही जातच वेगळी आहे, मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, झाडावर बसणारी, आपल्या नेहमीच्या बदकाशी तिचा संकर केला तर होणारं पिल्लू मोठं होतं पण पुढे त्याची वीण चालत नाही. म्हणून दोन्ही एकत्र ठेवत असाल तर त्या संकराच्या भरवशावर कळप वाढवू नका, ती बदकं मटणापुरतीच.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अंडी लवकर फेकणं. कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांत निघतं, साध्या बदकाचं 28 दिवसांत, मस्कोवीला मात्र 35 दिवस लागतात, कधी एक-दोन दिवस मागेपुढे. तिसाव्या दिवशी "अंडे पोचट निघाले" म्हणून उकिरड्यावर टाकलेली अंडी फोडून पाहा, आत पूर्ण वाढलेलं जिवंत पिल्लू असू शकतं. शंका असेल तर आठव्या-दहाव्या दिवशी रात्री अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या जाड टोकाला लावून बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं चांगलं, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर काढून टाका, आणि वास येणारं अंडं तर लगेच काढा कारण ते फुटलं तर बाकीच्यांचाही सत्यानाश. खुडूक कोंबडीखाली ही अंडी ठेवणारे पण खूप आहेत, चालतं, पण काही कोंबड्या 21 दिवसांनंतर कंटाळून उठतात, तेव्हा एक दुसरी खुडूक तयार ठेवा आणि गावरान कोंबडीखाली पाच-सहापेक्षा जास्त अंडी ठेवू नका, ती आकाराने मोठी असतात, पोटाखाली झाकली जात नाहीत.

माझं ऐकाल तर मस्कोवी मादीलाच बसू द्या. तिच्यासारखी आई दुसरी नाही. ती दिवसातून एकदा उठते, खाते, पाण्यात डुबकी मारते आणि ओल्या पिसांनीच परत अंड्यांवर येऊन बसते, लोक घाबरतात की अंडी थंड झाली, पाणी लागलं, आणि तिला डालग्याखाली कोंडून टाकतात. असं करू नका, तो ओलावा अंड्यांना लागतोच. अंडी उबवायचं मशीन वापरणाऱ्यांनी पण हेच करायचं, दहाव्या दिवसानंतर रोज थोडा वेळ झाकण उघडून अंडी गार होऊ द्यायची आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारायचा, तापमान 37.5 अंश. नाहीतर आतली पातळ कातडी कोरडी होऊन पिल्लाला चिकटते.

आता इथे अजून एक गडबड होते. चार माद्या असतील तर चारही एकाच खोपट्यात अंडी घालतात, मग एकाच घरट्यात आजचं अंडं, आठ दिवसांपूर्वीचं अंडं, सगळं मिसळून जातं, आणि पहिली चार-पाच पिल्लं निघाली की मादी त्यांना घेऊन उठते, बाकीची अर्धवट तशीच राहतात. सोपा उपाय, मादी बसली त्या दिवशी खालच्या सगळ्या अंड्यांवर पेन्सिलने खूण करा, नंतर बिनखुणेचं दिसलं की काढा, आणि तिला बाकीच्यांपासून आडोसा करून द्या.

अंड्याला छिद्र पडलं आणि पिल्लू बाहेर येत नाही म्हणून टवका काढून मदत करायला लगेच जाऊ नका. छिद्र पडल्यापासून बाहेर यायला एक-दोन दिवस लागू शकतात, तेवढ्या वेळात ते बलक पोटात ओढून घेत असतं आणि रक्तवाहिन्या सुकत असतात. घाई केली तर रक्त येतं आणि ते मरतं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा टिनाच्या खोलीत चार-पाच दिवस जमवून ठेवलेली अंडी बसवायच्या आधीच खराब झालेली असतात, कारण गरमीत आत वाढ सुरू होते आणि अर्धवट थांबते. ओल्या रेतीवर माठ ठेवून त्यात निमुळतं टोक खाली करून अंडी ठेवा, आठवड्याच्या आत बसवा, आणि जमलं तर ऐन उन्हाळ्यात बसवूच नका.

पिल्लं निघाली की मग खरी परीक्षा. पायांचा प्रॉब्लेम सगळ्यात जास्त दिसतो आणि तो दोन प्रकारचा असतो, दोन्ही वेगळे ओळखायला शिका. पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन्ही पाय बाजूला फाकले तर ते गुळगुळीत पेपर किंवा प्लास्टिकवर ठेवल्यामुळे, खाली बारदान टाका आणि पायांना मऊ कापडाची सैल पट्टी बांधून चालण्याइतकं अंतर ठेवा, काही दिवसांत सरळ होतात. पण आठवडा-पंधरा दिवसांनी पाय धनुष्यासारखे वाकले, गुडघा सुजला, पिल्लू बसूनच राहिलं तर ती नियासिनची, म्हणजे बी-3 जीवनसत्त्वाची कमी. बदकाच्या पिल्लाला नियासिन कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं आणि आपण त्याला कोंबडीचा स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) किंवा नुसती तांदळाची कनकी टाकतो, कनकी तर पोट भरायचंच काम करते. कोरडा यीस्ट मिसळा, थोडी सुकट कुटून द्या, आणि पशुवैद्यकाकडून बी-कॉम्प्लेक्स घेताना लेबलवर नियासिनामाइड (नियासिनचाच एक प्रकार) लिहिलेलं आहे का ते वाचा. सुरुवातीलाच पकडलं तर पाय सुधारतात, उशीर केला तर नाही.

स्टार्टर विकत घेताना दुकानदाराला बिनऔषधाचा मागा, कोंबड्यांच्या खाद्यात घातलेली काही औषधं बदकाला झेपत नाहीत. आणि बुरशी! यावर मी अजिबात तडजोड करत नाही. पावसाळ्यात ओलसर झालेला मका, शेंगदाण्याची जुनी ढेप, गोळा झालेला कोंडा यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, बदकाच्या पिल्लाला कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त बाधतं, रात्री ठीक असलेली पिल्लं सकाळी मेलेली सापडतात. वास घेऊन बघा, कुबट वाटलं तर फेका. सरकीची ढेप गाई-बैलांची आहे, बदकाला नको. कच्चा सोयाबीन पण नको.

पाणी कमी दिलं तरी चूक, जास्त दिलं तरी चूक. भांडं एवढं खोल पाहिजे की पिल्लाची चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, नाहीतर डोळ्यात फेस येतो, नाक चोंदतं, पण त्यात अंगाने शिरता कामा नये. मशीनच्या किंवा कोंबडीखालच्या पिल्लाला आईच्या पिसांचं तेल मिळालेलं नसतं, ते भिजलं की गारठतं. पसरट भांड्यात गोटे टाका आणि भांडं जाळीवर, जाळी टोपल्यावर ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी खाली जातं आणि तणस कोरडी राहते. आईसोबतची पिल्लं लवकर पाण्यात गेली तरी चालतं.

उब पहिल्या आठवड्यात 32-33 अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा, बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी, लांब जाऊन धापा टाकत असतील तर गरमी. डिसेंबर-जानेवारीत रात्री लाईट गेली तर काय, याची सोय आधीच करा, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवल्या तरी रात्र निघते.

मोठ्यांबद्दल थोडक्यात. एका नरामागे चार-पाच माद्या ठेवा, नर जास्त झाले की माद्यांची मान सोलून निघते, आणि मोठा नर गावरान कोंबड्यांमध्ये सोडू नका, कोंबडी त्याचं वजन पेलू शकत नाही. माद्या उडतात, एकाच पंखाची मोठी पिसं कापा, दोन्ही कापले तर तोल सारखाच राहतो आणि काही उपयोग होत नाही, नवीन पिसं आली की पुन्हा कापावं लागतं. मुंगूस आणि रानमांजर साध्या कोंबडीच्या जाळीला जुमानत नाहीत, खालचे दोन फूट तरी बारीक मजबूत जाळी लावा. कपाशीवर फवारणी झाली असेल तर त्या धुऱ्यावर बदकं चरायला सोडू नका.

उन्हाळ्यात आटत आलेल्या, मेलेले मासे तरंगणाऱ्या डबक्यात बदकं गेली आणि मान टाकायला लागली तर ते विषबाधेचं लक्षण आहे, तिथून काढा, स्वच्छ पाणी द्या आणि डॉक्टरला बोलवा. आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान डक प्लेगची लस विचारा, कोंबडीची राणीखेत रोगावरची लासोटा लस दिली म्हणजे काम झालं असं नाही, तो रोग वेगळा आहे. आणि एकाच दिवशी अनेक बदकं मेली तर ती नाल्यात टाकू नका, कापून वाटू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवा. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आजूबाजूच्या गावातल्या घरच्या कोंबड्यासुद्धा माराव्या लागल्या होत्या. दवाखान्यातून माणूस येईपर्यंत मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका आणि कुत्र्यांना तिकडे जाऊ देऊ नका.