डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी कॉलेज बघताना

प्रॉस्पेक्टस बाजूला ठेवा आणि आधी परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा. प्रश्न मुलीलाच विचारू द्या, पुढे तिलाच तिथे खेटे घालायचे आहेत. लेखनिक, म्हणजे परीक्षेत ती सांगेल ते उत्तर लिहून घेणारा, कॉलेज देतं की आपण शोधायचा? तासाला 20 मिनिटं जादा वेळ अंतर्गत चाचण्यांनाही मिळतो का? ‘अर्ज करा, बघू’ असं उत्तर आलं, तर काय ते समजून जा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) येते. सरकारी आणि अनुदानित संस्थांत 5 टक्के जागाही राखीव असतात, पण त्यासाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के अक्षमता लागते. शाळेतलं जुनं प्रमाणपत्र चालेलच असं धरू नका. यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांसाठीच्या सरकारी ओळखपत्राचं) काम अकरावीतच उरकून घ्या, बारावीच्या धावपळीत ते हमखास राहून जातं.